हकिमाचा सल्ला आणि आपले घरचे डॉक्टर



तंबाखू ही मूळची आपल्याकडची नव्हे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याच पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी १७३९ च्या जानेवारीत तारापूरचा किल्ला घेतला; बाजी भिवराव तेथेच पडले. फिरंगी गेला, तंबाखू मात्र राहिली. तिला घालवणे तोफांचे काम नव्हते.

मग ते कोणाचे? १६०४ च्या सुमारास असदबेगाने विजापुराहून अकबराकडे तंबाखू व चिलीम आणली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले, तोच हकीम आडवा आला. बादशहाने ऐकले. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने बंदीचे फर्मान काढले. ते कोणीच ऐकले नाही! फर्मान साऱ्या मुलखासाठी होते, सल्ला एका माणसासाठी होता. आम्हांला या दोन गोष्टींत मोठा बोध दिसतो.

आधुनिक काळाने तो मोजून दाखवला. १९५० मध्ये डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला. १९७९ मध्ये लंडनच्या रसेल यांनी नेहमीच्या दवाखान्यांत प्रयोग केला. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांतील शेकडा ०.३ जणांनी सिगारेट सोडली व वर्षभर पाळली. ज्यांना डॉक्टरांनी एक-दोन मिनिटे समजावले, पत्रक दिले आणि ‘पुन्हा विचारीन’ म्हणून बजावले, त्यांत हे प्रमाण ५.१ झाले. आकडा लहान खरा. पण दवाखान्यात रोज माणसे किती येतात, याचा हिशेब करून पाहावा.

आता आपल्या पालघर-बोईसरकडे वळू. येथे एक अडचण आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा ३.८ जण धूम्रपान करणारे आढळले, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४. तेव्हा बोईसरच्या कारखान्यातील कामगाराला ‘विडी ओढता का?’ असे विचारले, तर तो ‘नाही’ म्हणेल आणि ते खरेही असेल. गालात मात्र तंबाखूची गोळी असेल. घरातली बाई मिश्रीला व्यसन समजतच नाही. म्हणून प्रश्नच बदलला पाहिजे: ‘तंबाखू कोणत्या रूपात घेता?’

पण गर्दीच्या वेळी एकट्या डॉक्टरने काय काय करावे? उत्तर केसपेपरवर लिहावे, सोडण्याचा दिवस ठरवून द्यावा, आठवड्याने परत बोलवावे. पहिले दिवस चिडचिडीचे व तलफेचे असतात. तेव्हाच आधार लागतो. एकदा पाय घसरला म्हणून रोग्याला टाकून बोलू नये. पत्रके, नोंदी, फेरभेटीची आठवण हे काम कंपाउंडर, आरोग्यसेविका आणि आपल्या मंडळांनी वाटून घ्यावे.

उरले आपण. डॉक्टर विचारतील तेव्हा खरे सांगावे. ते विसरले तर आपणच विषय काढावा. हकीम बोलला खरा, पण त्या दिवशी बादशहाने ऐकले, हेही तितकेच महत्त्वाचे.