छाटलेली लाट आणि जळालेला स्पीकर

मोटारीतला स्पीकर जळाला, की ‘ॲम्प्लिफायर क्लिप झाला’ हे निदान ठरलेलेच. ॲम्प्लिफायर वीजपुरवठ्याहून अधिक व्होल्टेज देऊ शकत नाही. आवाज त्यापलीकडे वाढवला, की ध्वनिसंकेताच्या लाटांचे माथे छाटले जातात. हेच क्लिपिंग. पण स्पीकर त्यानेच जळतो का?

इतिहासाने हा प्रयोग करून ठेवला आहे. १९६१ साली अमेरिकेत गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ध्वनिमुद्रण यंत्रणेतील बिघाडामुळे बास गिटारचा सूर फाटका उमटला. तो लोकांना आवडला. १९६२ मध्ये मुद्दाम लाट छाटणारी ‘फझ-टोन’ ही पेटी बाजारात आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिसफॅक्शन’ने ती प्रसिद्ध केली. लाट पेटीतच छाटली जाई. स्पीकरला किती शक्ती मिळणार, हे ॲम्प्लिफायरच्या बटणावर ठरे. स्पीकर टिकले.

कारण वेटोळे जाळते ती उष्णता. लाटेचा आकार नव्हे. इंजिन चालू असताना मोटारीत सुमारे १४ व्होल्ट मिळतात. तेवढ्या उंचीची साइन लाट ४ ओहमच्या स्पीकरला २४.५ वॅट देते, तर पूर्ण छाटलेली चौकोनी लाट ४९ वॅट. ३० वॅटचा स्पीकर दुसरीने जळू शकतो. १०० वॅटचा सहज तगेल. मात्र छाटलेल्या लाटेत उच्च वारंवारता वाढतात, म्हणून नाजूक ट्वीटरला धोका अधिक.

निदान चुकले, की उपायही चुकतो. लोक मोठा ॲम्प्लिफायर आणतात, आवाज तितकाच चढवतात आणि नवा स्पीकर आणखी लवकर जाळतात. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा.