पोर कुणाचं?

मागच्या महिन्यात कुंभारीला गेलो होतो. अक्कलकोट रोडवरचं आमचं गाव आता ओळखू येत नाही. विडी कामगारांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, त्यानंतर रे नगर झालं. २०२४ च्या जानेवारीत तिथल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या गेल्या. मराठी, कन्नड, तेलुगू... तिन्ही भाषा एकाच गल्लीत कानावर पडतात. तिथे एका आजीशी बोलत बसलो होतो. दोन नातवंडं तीच सांभाळते. तिने विचारलं, "साहेब, बालसंगोपनाचा फॉर्म कुठं भरायचा?" मी साहेब नाही, पण फॉर्मची माहिती काढून दिली. त्या निमित्ताने हा विषय डोक्यात शिरला तो निघेना.

आपल्या जिल्ह्यात या गोष्टीचा इतिहास फार जुना आहे, आणि आपल्यालाच तो ठाऊक नसतो. पंढरपूरला आपण सगळे जातो. विठोबा, चंद्रभागा, चुरमुरे, कुंकू. पण तिथलं नवरंगे बालकाश्रम किती जणांनी पाहिलंय? १८७५ साली पंढरपूरला लालशंकर उमियाशंकर नावाचे एक गुजराती न्यायाधीश होते. त्यांनी तिथे बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं आणि प्रार्थना समाजाने ते चालवलं.

न्यायाधीशालाच हे का सुचावं? मला याचं उत्तर तेव्हाच्या कायद्यात दिसतं. भारतीय दंडसंहिता १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३१७ व्या कलमाप्रमाणे बारा वर्षांखालचं मूल टाकून देणाऱ्या आईबापांना सात वर्षांपर्यंत कैद. ३१८ वं कलम मेलेल्या अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवण्याबद्दल. म्हणजे कायदा झाला, पण ज्या बाईवर ही वेळ यायची तिला दुसरी वाट कुठली होती? विधवाविवाहाला १८५६ सालीच कायद्याने परवानगी मिळाली होती, पण गावाने कुठे दिली होती! कोर्टात उभी राहायची ती बाई. पुरुषाचं नाव बहुतेक वेळा निघायचंच नाही.

आणि पंढरपूर का? मला वाटतं, विधवा बाई पंढरपूरला निघाली तर कुणी तिला फारसं विचारत नसे. देवाला निघालीय म्हणायचं, पदर सारखा करायचा आणि वाट धरायची. तेव्हा तिथवर रेल्वे नव्हती. पायी नाहीतर बैलगाडीने, तेही तशा अवस्थेत.

त्याआधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरीच असं गृह काढलं होतं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं की ठेवायचं ते तुमच्या खुशीवर, अशा अर्थाच्या जाहिराती लावल्या. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणताना सावित्रीबाई गेल्या. हे आपण शाळेत वाचलेलं असतं, पण ते आज मला वेगळं वाचता येतं. संस्था आणि घर ही तिथे दोन टोकं नव्हती. संस्थेतलं एक मूल त्याच घरात वाढलं.

आता उलट बाजू, तीही सोलापूरचीच. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापूरकरांना नवा नाही. तारेचं कुंपण, हजेरी, आत 'गुन्हेगार' म्हणून शिक्का मारलेल्या जमातींची कुटुंबं. १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला आणखी एक अधिकार दिला होता. सहा वर्षांपुढची आणि अठरा वर्षांखालची मुलं आईबापांपासून काढून उद्योगशाळेत ठेवायचा. मुलाने काही केलेलं असायची गरज नव्हती, जन्म पुरे होता. सुधारणेच्या नावाखालीच होतं हे सगळं. शिकवायचं, धंद्याला लावायचं, वगैरे. हेतू चांगला होता म्हणणारे आजही भेटतात, मला ते पटत नाही. पंढरपूरला आई स्वतःहून दाराशी यायची, इथे मूल आईकडून काढून घेता यायचं. दोन्हींना 'सोय' हा एकच शब्द कसा लावायचा? ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण वस्तीला चिकटलेलं नाव उरलं.

मधला प्रवास भराभर सांगतो. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा, मग १९४८ चा. रिमांड होम हा शब्द त्या काळात घराघरांत पोचला, तो मुख्यतः धाक घालायला. (मस्ती केली की 'रिमांडात टाकीन' आम्हीही ऐकलंय!) नंतर १९८६, २००० आणि २०१५ चे बाल न्याय कायदे. २०१५ च्या कायद्यात, सांभाळणं अशक्य झालेल्या पालकाला मूल बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवता येतं, आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. दीडशे वर्षांपूर्वी पंढरपूरच्या वाटेवरच्या बाईला हे दोन महिने मिळाले असते तर?

आणि आपली बालसंगोपन योजना. मूल संस्थेत न ठेवता नातेवाईकाकडे किंवा दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं आणि त्याच्यासाठी सरकारने दरमहा पैसे द्यायचे. एके काळी ४२५ रुपये होते, मग ११००, आणि २०२३ पासून २२५०. तेव्हा योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नावही दिलं. ते नाव कुणी सुचवलं त्याला माझा नमस्कार.

पण आजी नातवंडं सांभाळते याला कुणी 'योजना' म्हणत नाही ना, ते गृहीतच असतं. एक हजार विड्या वळायला दिवस जातो, डोळे जातात, आणि त्यातून दोन पोरांची शाळा निभवायची. कुंभारीच्या आजीला मी कागद सांगितले. आधार, शाळेचा दाखला, पालकांचे मृत्यूचे दाखले, रहिवासी पुरावा. तिने पदराला गाठ मारत मारत ऐकलं. मुलाच्या मृत्यूचा दाखला आहे. सून मात्र निघून गेलीय, मेलेली नाही, मग तिचा कुठला कागद आणायचा, असं तिने विचारलं. एकच पालक असलेलं मूलही योजनेत बसतं, हे मी सांगितलं. बाकीचं सोलापूरला बालविकास कार्यालयात विचारायचं ठरलंय. पुढच्या सोमवारी भाचा तिला घेऊन जाणार आहे.