बाबागाडी घेताना: बॉथेलच्या चढउतारांसाठी दणकट गाडी कशी निवडावी



मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी कुणी ना कुणी आम्हाला विचारतंच, "तुम्ही कुठली बाबागाडी घेतलीत? एवढ्या मोठ्या चाकांची कशाला?" दर वेळी अर्धंमुर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हणून हा लेख. आम्ही दोघंही इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे थोडी आकडेमोड येईल, ती गोड मानून घ्या. कंटाळा आला तर ब्रेकचा भाग तेवढा वाचा, बाकी सोडलं तरी चालेल.

आमची पहिली गाडी हलकी, छत्रीसारखी मिटणारी, छोट्या दुहेरी चाकांची होती. मॉलमध्ये छान चालायची. बाळ सात महिन्यांचं असताना आजी भारतातून सहा महिन्यांसाठी आल्या. आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर त्या रोज दुपारी बाळाला घेऊन बाहेर पडायच्या. नोव्हेंबरातल्या एका दुपारी आमच्या अपार्टमेंटसमोरच्या उतारावर त्यांनी गाडी थांबवली, पायाने ब्रेक दाबला आणि बाळाचा पडलेला मोजा उचलायला वाकल्या. त्या गाडीच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगवेगळे ब्रेक होते आणि दाबला गेला होता एकच. ओल्या पानांवर गाडी त्या एका चाकाभोवती फिरली आणि घसरत जाऊन दहा-बारा फुटांवरच्या कुंपणाला टेकली. बाळ झोपलेलंच राहिलं, कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर आठ दिवस आजी घराबाहेर पडल्या नाहीत. "मला नाही जमत तुमची इथली गाडी," एवढंच म्हणाल्या. गाडी चालवता येत नाही, बसने कुठे जायचं माहीत नाही, आसपास ओळखीचं कुणी नाही. बाबागाडी बंद म्हणजे आजींचं घराबाहेर पडणंच बंद. तेव्हा आम्ही खऱ्या अर्थाने बाबागाडीचा अभ्यास सुरू केला.

आधी आपले रस्ते बघा

बॉथेल म्हणजे टेकड्या आणि मधून वाहणारी समामिश नदी. इथे फिरायला जाण्याच्या जागा दोन जातींच्या आहेत आणि गाडीची निवड त्यावर ठरते. बर्क-गिलमन ट्रेल ही जुन्या रेल्वेमार्गावर झालेली वाट. १८८५ मध्ये टॉमस बर्क आणि डॅनियल गिलमन यांनी जी रेल्वे कंपनी काढली, तिच्या रुळांच्या जागी आज डांबरी वाट आहे. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून ही वाट जवळजवळ सपाट आहे. ती बॉथेलमध्ये समामिश रिव्हर ट्रेलला मिळते आणि ती पुढे वुडिनव्हिलमार्गे रेडमंडच्या मेरीमूर पार्कपर्यंत साधारण ११ मैल जाते. या दोन्ही वाटांवर कुठलीही बरी गाडी चालेल.

दुसरी जात म्हणजे टोल्ट पाइपलाइन ट्रेल. ही टोल्ट नदीचं पाणी सिॲटलकडे आणणाऱ्या जलवाहिनीच्या वरून जाते. दाबाखालच्या पाण्याला टेकडीचं काही वाटत नाही, त्यामुळे वाहिनी टेकडीला वळसा न घालता सरळ चढते आणि सरळ उतरते. ब्लिथ पार्ककडून नॉर्वे हिलवर चढून बघा, म्हणजे आम्ही काय म्हणतोय ते पोटऱ्यांना कळेल. वर खडी, मधे मधे पावसाने कोरलेल्या चऱ्या. आमच्या जुन्या गाडीची पुढची चाकं या खडीत आडवी होऊन रुतायची. नॉर्थ क्रीक ट्रेलवरही काही भाग खडीचा आहे, आणि केनमोरच्या सेंट एडवर्ड पार्कमधल्या जंगलवाटांवर झाडांची मुळं आहेत. पायऱ्या असलेल्या वाटेवर मात्र कुठलीही बाबागाडी नेऊ नये, तिथे बाळ कडेवर किंवा पाठीवरच्या कॅरियरमध्येच बरं.

चाकं: मोठी का?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं मेकॅनिक्स आठवा. रस्त्यावर दीड इंच उंचीचं मूळ आडवं आलंय. ५ इंच व्यासाचं चाक आडवं ढकलून त्यावरून चढवायचं तर त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या सुमारे २.३ पट जोर लागतो. १२ इंच व्यासाच्या चाकाला ०.९ पट पुरतो आणि १६ इंची चाकाला ०.७ पट. छोट्या चाकाची गाडी मुळाशी थबकते आणि आपण मागून ढकलत राहिलो की पुढे कलंडते, त्याचं कारण हे. म्हणून खडबडीत वाटांच्या गाड्यांना पुढे एक १२ इंची आणि मागे दोन १२ किंवा १६ इंची चाकं असतात.

या प्रकारच्या गाडीचा जन्म आपल्याच राज्यातला आहे, हे आम्हाला शोधाशोध करताना कळलं. कॅस्केड पर्वतापलीकडच्या याकिमात वर्तमानपत्रात काम करणाऱ्या फिल बेकलर यांना बाळाला सोबत घेऊन पळायला जायचं होतं. १९८४ मध्ये त्यांनी बाबागाडीला सायकलची चाकं बसवली. त्यातून 'बेबी जॉगर' कंपनी उभी राहिली. छत्रीसारख्या मिटणाऱ्या हलक्या गाडीचा जनकही इंजिनिअरच: ओवेन मॅक्लारेन. विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेल्या या ब्रिटिश गृहस्थाने निवृत्तीनंतर १९६५ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. दोन्ही गाड्या आपापल्या जागी उत्तम आहेत. चूक आमची होती, आम्ही विमानतळाची गाडी डोंगरावर नेली.

हवेचे टायर धक्के छान झेलतात, पण पंक्चर होतात. बॉथेलमध्ये पंक्चरचं मुख्य कारण म्हणजे वाटेच्या कडेला माजलेली हिमालयन ब्लॅकबेरी. नावात हिमालय असला तरी ती आहे आर्मेनिया-इराणकडची. ल्यूथर बरबँक यांनी १८८५ मध्ये भारतातून आलेल्या बियांवरून तिला हे नाव दिलं आणि ते चिकटलं. काटे मात्र अस्सल. टायरमध्ये आधीच सीलंट भरून ठेवलं तर बराच त्रास वाचतो. हवा सायकलच्या हातपंपानेच भरा. हे टायर साधारण ३० पीएसआयपर्यंतचे असतात (नेमका आकडा टायरच्या कडेवर छापलेला असतो), पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने ते क्षणात फुटू शकतात. ही कटकट नको असेल तर आत फोम किंवा भरीव रबर असलेली चाकं मिळतात. ती थोडी कडक लागतात, पण रोज फुटपाथ आणि महिन्यातून एकदा खडी असं फिरणं असेल तर आमच्या मते तीच घ्यावीत.

ब्रेक, आणि पुन्हा ब्रेक

दुकानात सगळेजण गाडी मिटवून बघतात, ब्रेक कुणी लावून बघत नाही. आम्हीही बघितला नव्हता.

बाळ २० पौंड, गाडी २८ पौंड, पिशवी ७ पौंड, असे मिळून ५५ पौंड, म्हणजे २५ किलो. दहा टक्के उतारावर ही गाडी अडीच किलोच्या ओढीने सतत खाली जाऊ बघते, पंधरा टक्क्यांवर पावणेचार किलोच्या. तरुण माणसाला हे काहीच नाही, पण सत्तरीच्या, मनगट दुखणाऱ्या बाईला दहा मिनिटांत जाणवतं. म्हणून एकाच पट्टीने मागची दोन्ही चाकं अडकतील असाच पायब्रेक घ्या. ती पट्टी चपलेतल्या पायाने दाबता आणि सोडवता येते का हे आजी-आजोबांनाच करून बघू द्या. काही ब्रेक सोडवायला पट्टी पायाच्या बोटांनी वर उचलावी लागते, ते चपलेत जमत नाही. काही मॉडेलना हँडलवर सायकलसारखा हातब्रेकही असतो. उतरताना वेग आवरायला त्याचा फार उपयोग होतो. आपण टेकडीवर राहत असाल तर त्यासाठी जास्तीचे पैसे खुशाल मोजा.

हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असतो, तो शोभेचा नाही. आजींना आम्ही एकच नियम सांगितला: पट्टा हातात, मग ब्रेक, मग वाकायचं. आणि गाडी उताराला आडवी लावायची, तोंड खाली करून नाही.

जड पिशवी हँडलला टांगू नका. बाळाला उचललं की गाडी मागे उलटते. सामान सीटखालच्या टोपलीत. साडीचा पदर किंवा ओढणी मोठ्या चाकाच्या आऱ्यांत अडकू शकते, तीही खोचून घ्यायला सांगा.

पळणार की चालणार?

पळण्यासाठी गाडीचं पुढचं चाक सरळ लॉक करता आलं पाहिजे. फिरतं चाक वेगात खड्ड्यात वळलं तर गाडी कोलमडते. बाळाची मान आणि पाठ पुरेशी धरल्याशिवाय पळू नये आणि खडबडीत वाटेवरही नेऊ नये. बहुतेक कंपन्या ६ ते ८ महिन्यांची मर्यादा सांगतात, तरी बाळाच्या डॉक्टरांना विचाराच. त्याआधी सपाट वाटेवर, पूर्ण आडव्या होणाऱ्या सीटवर किंवा ॲडॅप्टर लावून कार सीटमध्ये सावकाश चालायला हरकत नाही. आपल्यातले निम्मे लोक पळू म्हणून जॉगिंगची गाडी घेतात आणि शेवटी चालतातच (आम्ही धरून). तसं असेल तर पुढच्या चाकाची फार चिंता नको.

मापं

अशा गाड्या २५ ते ३५ पौंड वजनाच्या असतात. दुसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर गाडी कुठे ठेवणार हे आधी ठरवा, कारण एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात ३० पौंड हे आजीला जमणार नाही, तुम्हालाही नाही. एका बाळाची गाडी साधारण २५ इंच रुंद असते. जुळ्यांची, शेजारी शेजारी सीट असलेली, ३० इंचांच्या पुढे जाते. सार्वजनिक इमारतींच्या दारांना अमेरिकन नियमाने किमान ३२ इंच मोकळी जागा लागते, पण घरातल्या आणि जुन्या अपार्टमेंटच्या दारांचं तसं नाही. टेप घेऊन मोजा. गाडीची डिकीही मोजा, आणि मिटलेली बाबागाडी खरोखर आत घालून बघा. चाकं काढावी लागली तर ती पावसात रोज कोण काढणार? डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांत मे २०१९ पासून ३१ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब गाडी चालत नाही, तेवढंही लक्षात असू द्या.

हँडल वरखाली होणारं हवं. आमच्यात सहा फुटी बाबा आणि पाच फुटाला दोन इंच कमी आजी असा फरक आहे, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी कामाला आलं.

पाऊस आणि अंधार

सिॲटलचा वर्षाचा पाऊस सुमारे १००० मिलिमीटर, मुंबईच्या निम्म्याहून कमी. पण तो महिनोन्‌महिने भुरभुरत राहतो. त्यामुळे त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं, हवेला भोकं असलेलं पावसाचं कव्हर घ्या. ऊन असताना ते काढून ठेवा आणि गाडीवर पांघरूण किंवा ओढणी टाकून सावली करू नका, आत झपाट्याने उकडतं. डिसेंबरात सव्वाचारलाच सूर्य मावळतो, म्हणून मागे लाल दिवा आणि चमकणाऱ्या पट्ट्या लावाव्या.

जुनी घेताना

नव्या चांगल्या गाडीला कित्येक शे डॉलर पडतात. या भागात वापरलेल्या गाड्या खूप मिळतात आणि दणकट गाडी दोन मुलांना सहज पुरते, त्यामुळे जुनी घ्यायला आमची ना नाही. पण फेडरल नियम सप्टेंबर २०१५ मध्ये कडक झाले, म्हणून शक्यतो त्यानंतरची घ्या. चौकटीवरच्या लेबलवर मॉडेल क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असते. ती ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, म्हणजे सीपीएससीच्या संकेतस्थळावर रिकॉलच्या यादीत तपासा. हे उगाच सांगत नाही. २००९ मध्ये मॅक्लारेनच्या सुमारे १० लाख गाड्या अमेरिकेत परत बोलावल्या गेल्या, कारण उघडताना बिजागरीत मुलांची बोटं सापडत होती. बॉबच्या तीन चाकी गाड्यांच्या पुढच्या झटपट निघणाऱ्या चाकावरून आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटॅक्स कंपनीवर कारवाई सुरू केली होती. चाक नीट न आवळल्यास चालताना निसटतं अशा तक्रारी होत्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात तडजोड झाली. जुनी बॉब घेत असाल तर पुढचं चाक उचलून जोरात ओढून बघा, आणि चाक काढून पुन्हा बसवायची पद्धत माहितीपत्रकातून शिकून घ्या. नवी घेतली तर सोबतचं नोंदणीचं कार्ड भरून पाठवा. रिकॉल झाला तर कंपनी त्यावरूनच कळवते.

पाच जागी बांधणारे पट्टे, ते शिवणीत उसवलेले नाहीत, चौकटीला तडा नाही, ब्रेक दोन्ही चाकांना पकडतो, एवढं विकणाऱ्याच्या दारात, उतार असेल तर उतारावरच बघा. बाळ न बसवता, अर्थात! आम्ही तांदळाची २० पौंडी पिशवी घेऊन गेलो होतो. विकणारे काका आधी चक्रावले, मग त्यांनीच पिशवीला पट्टा बांधून दिला.

भारतात जाताना ही गाडी नेऊ नका. आपल्याकडच्या फुटपाथांना मोठी चाकं हवीत हे खरं, पण जिने, रिक्षा आणि विमान कंपन्यांचे मोजमापाचे नियम यात ती अडचणच होते. तिथे हलकी छत्रीगाडी आणि आजोबांचं कडं पुरतं.

आजी आता पुन्हा बाहेर पडतात. हिवाळ्यातल्या संध्याकाळी यूडब्ल्यू बॉथेलच्या पाणथळीवर हजारो कावळे वस्तीला येतात, ते बाळाला दाखवायला त्यांचा रोजचा फेरा असतो. 'काऊ' हा बाळाचा पहिला शब्द तिथलाच.

कुणाला आमची गाडी ढकलून बघायची असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात सांगा, ती कायम डिकीत असते. मागच्या डाव्या चाकाला तीन ठिगळं आहेत, तिकडे दुर्लक्ष करा.