जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी

खंडेनवमीला अवजारांबरोबर संगणकालाही हळदकुंकू वाहण्याची प्रथा आता अनेक घरांत रुळली आहे. मात्र पूजा आटोपल्यावर तोच संगणक वर्षभर कापडाखाली झाकलेला राहतो, अशीही घरे कमी नाहीत. ‘फार हळू चालतो’ आणि ‘आता याला सपोर्ट नाही’ ही त्याची नेहमीची दोन कारणे. पहिल्यावर थोडक्या खर्चात उपाय आहे. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करणे मात्र धोक्याचे आहे.

विंडोज ७ चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबविला आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. विंडोज १० वापरणाऱ्या ज्या घरगुती ग्राहकांनी नोंदणी केली, त्यांच्यासाठी सुरक्षा दुरुस्त्यांची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढविण्यात आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ही पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्यामुळे २०१३ साली घेतलेला संगणक कितीही धडधाकट असला तरी अधिकृतरीत्या अपात्र ठरतो. पाठिंबा संपल्यावर यंत्र बंद पडत नाही, पण नव्याने उघडकीस येणाऱ्या त्रुटी बुजविल्या जात नाहीत. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे म्हणजे दाराला कडी न लावता गावाला जाण्यासारखे आहे.

आता वेगाविषयी. संगणक रखडू लागला की दोष प्रोसेसरला दिला जातो. खरा अडथळा बहुधा हार्डडिस्कचा असतो. हार्डडिस्कमधील तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते आणि हवी ती माहिती शोधण्यासाठी तिच्यावरील वाचकाला दरवेळी जागा बदलावी लागते. या शोधास सुमारे १० मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना असे शोध हजारोंनी होतात. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हे काम शंभरपट वा त्याहूनही लवकर होते. जुन्या सॅटा जोडणीवर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही हे खरे, तरीही फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. सुमारे २४० जीबीची साधी सॅटा एसएसडी घरगुती कामास पुरेशी असते. मूळ हार्डडिस्क छायाचित्रांसाठी जोडलेलीच ठेवता येते. मात्र त्या छायाचित्रांची दुसरी प्रत अन्यत्र असावीच.

रॅम वाढविताना अनेकांची फसगत होते. डीडीआर २, डीडीआर ३ आणि डीडीआर ४ यांच्या पट्ट्यांतील खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावच्या दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी. दुसरे असे, की विंडोजची आवृत्ती ३२ बिटची असेल तर चार जीबीपेक्षा अधिक रॅम बसवूनही उपयोग नाही; घरगुती आवृत्त्यांत ती वाढीव रॅम वापरलीच जात नाही. आधी आवृत्ती पाहावी, मग पाकीट उघडावे.

एक लहानशी गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची, नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज जाताच संगणकाचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाते. मग संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रे ‘अद्याप लागू न झालेली’ वाटतात आणि बँकेचे पान उघडत नाही. लोक इंटरनेटवाल्याला फोन करतात, कोणी फॉरमॅट मारून घेतो. दोष असतो त्या स्वस्तातल्या बॅटरीचा.

पाठिंब्याच्या प्रश्नाला सर्वांत सोयीचे उत्तर लिनक्सचे आहे. लिनक्स मिंट ही प्रणाली विनामूल्य असून तिला किमान दोन जीबी रॅम लागते. चार असल्यास उत्तम. ती पेनड्राइव्हवर घेऊन, हार्डडिस्कला हात न लावता, आधी चालवून पाहता येते. प्रिंटर आणि वाय-फाय चालतो का, हे तेव्हाच तपासावे. इन्स्क्रिप्ट कळफलक तिच्यात आहेच. ज्यांचे काम टॅली किंवा विशिष्ट कार्यालयीन सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्यांनी मात्र घाई करू नये.

एका बाबतीत मात्र जुने विंडोज पुसूच नये. अनेक मराठी घरांत आणि संस्थांत नव्वदीच्या दशकापासूनचा मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे: नाटकाची संहिता, संस्थेचे अहवाल, कोणाच्या आजोबांच्या आठवणी. तो फॉन्ट नसलेल्या नव्या यंत्रावर ही फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग दिसतो. त्या काळातील काही सॉफ्टवेअर तर प्रिंटरच्या पोर्टात बसविलेल्या हार्डवेअर लॉकशिवाय सुरूच होत नसे, आणि नव्या संगणकांना तसे पोर्ट सहसा नसते. असा मजकूर वाचू शकणारे घरातील एकमेव यंत्र कदाचित कापडाखालचेच असेल. त्याची इंटरनेटची तार काढून टाकावी. प्रत्येक फाइलची पीडीएफ करावी. ती जमत नसल्यास छापील प्रत काढावी. त्यानंतर फॉन्ट-परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावा. जोडाक्षरे आणि रफार यांत परिवर्तक हमखास चुकतात. काम कंटाळवाणे आहे, पण हार्डडिस्क बंद पडल्यावर ते करताच येणार नाही.

प्रत्येक यंत्र वाचवावे, असा आग्रह मात्र नको. मदरबोर्डवरील कपॅसिटर फुगलेले असतील, हार्डडिस्क रुंद पट्टीच्या आयडीई तारेची असेल किंवा प्रोसेसर पेंटियम ४ असेल, तर खर्च करू नये. विजेचे बिल तेवढे वाढेल. जगभरात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्क्यांच्या रीतसर पुनर्प्रक्रियेची नोंद आहे. त्यामुळे असा संगणक भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे द्यावा. देण्यापूर्वी हार्डडिस्क काढून घ्यावी. नुसत्या क्विक फॉरमॅटने तिच्यावरील माहिती पुसली जात नाही, ती परत मिळविता येते.