ओढ्याची साक्ष : कोळसा, कायदा आणि पाण्याची नोंद

१/ पेन्सिल्वेनिया राज्यातील स्क्रॅन्टन हे दगडी कोळशावर वाढलेले अमेरिकन शहर. १८६८ मध्ये एलायझा सँडरसन यांनी तेथे जमीन घेतली. तीतून मेडो ब्रूक नावाचा ओढा वाहत होता आणि त्याचे निर्मळ पाणी हेच खरेदीचे एक प्रमुख कारण होते. घर उभे राहिले, माशांसाठी तळे झाले, नळाने पाणी घरात आले.

२/ पुढे ओढ्याच्या वरच्या अंगाला पेन्सिल्वेनिया कोल कंपनीची खाण सुरू झाली. खाणीत साचलेले पाणी उपसून सोडले जाई, ते ओढ्याला मिळे. मासे मेले, नळ गंजले, पाणी घरात वापरण्याजोगे उरले नाही. सँडरसन न्यायालयात गेल्या.

३/ पाणी बिघडले कशाने? कोळशाच्या थरांत पायराइट हे लोह व गंधकाचे खनिज असते. खाणकामामुळे त्याला हवा आणि पाणी लागले की गंधकाम्ल तयार होते व लोह विरघळते. पुढे प्रवाहात तेच लोह नारिंगी गाळ होऊन तळाच्या दगडांवर बसते आणि तेथील जीवसृष्टी गुदमरते.

४/ राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्ये सँडरसन यांच्या बाजूने कौल दिला. १८८६ मध्ये त्याच न्यायालयाने तो फिरवला. कोळसा काढणे हा जमिनीचा स्वाभाविक उपयोग आहे, आणि एवढ्या मोठ्या उद्योगापुढे एका व्यक्तीची गैरसोय गौण आहे, असे ठरले.

५/ येथेच या इतिहासाचे मर्म आहे. पाणी बिघडले, हे उघड होते. पुरावा होता, त्याला कायद्यात मोल नव्हते. १९३७ मध्ये राज्याने नद्यांच्या स्वच्छतेचा कायदा केला, तेव्हाही खाणीच्या आम्लयुक्त पाण्याला सूट मिळाली. ती १९६५ च्या दुरुस्तीने संपली.

६/ १९७७ च्या संघीय खाणकाम कायद्याने चित्र पालटले. खाणीआधीची पाण्याची मूळ स्थिती नोंदवणे बंधनकारक झाले. त्याखालील नियमांनुसार खाणीच्या वरच्या व खालच्या, अशा दोन्ही अंगांना आम्लता, लोह, मँगनीज, तरंगता गाळ, विरघळलेले क्षार आणि प्रवाहाचे प्रमाण मोजावे लागते.

७/ दोन ठिकाणे कशासाठी? केवळ खालचे पाणी तपासले, तर दोष आधीपासूनचाच होता, असे म्हणता येते. वरच्या नोंदीमुळे ती पळवाट बंद होते. एकटी आम्लताही फसवते : चुनखडीमुळे आम्ल मारले जाते, पण सल्फेट पाण्यात राहतेच. प्रवाहाचे प्रमाणही हवेच; पावसाळी पुरात पातळ झालेले पाणी निर्दोष भासते, पण वाहून जाणारा एकूण भार मोठा असू शकतो.

८/ स्क्रॅन्टनच्या खाली, ओल्ड फोर्ज येथे १९६२ मध्ये बंद खाणींत तुंबलेल्या पाण्याला वाट देण्यासाठी विवर खोदले गेले. त्यातून आजही लोहयुक्त पाणी लॅकावाना नदीत उतरते आणि काठ नारिंगी करते. खाण बंद झाली, तरी तिचे पाणी थांबत नाही.

९/ सँडरसन यांच्याकडे ओढ्याचे आधीचे आणि नंतरचे रूप होते. न्यायालयाने ते पाहिले आणि बाजूला सारले. आज तीच तुलना खाणमालकाला स्वतः करून शासनाला सादर करावी लागते. ओढा तेव्हाही साक्ष देत होता. ती ऐकणे कायद्याला भाग पडायला नव्वद वर्षे लागली.