बिरुदें आणि वैरें : शिलाहार-यादव संघर्षाचा एक विचार

१. शिलालेख व ताम्रपट यांच्या आरंभीं येणाऱ्या बिरुदावलीकडे आपले अभ्यासक बहुधा दुर्लक्ष करितात. शक, तिथि, दात्याचें नांव, दिलेलें गांव व त्याच्या चतुःसीमा एवढें टिपून घ्यावें आणि मधली विशेषणांची रास कविकल्पना म्हणून सोडून द्यावी, अशी रीत पडली आहे. विशेषणांत अतिशयोक्ति असते हें खरें. परंतु वर्णन व बिरुद या दोन वस्तु भिन्न आहेत. वर्णन कवि करितो. बिरुद राजा धारण करितो, आणि तें शेजाऱ्यांच्या कानीं जावें म्हणूनच धारण करितो. बाराव्या-तेराव्या शतकांत महाराष्ट्रांतील राजघराण्यांमध्यें जीं वैरें माजलीं, त्यांचा माग या बिरुदांवरून कसा लागतो, हें प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

२. कल्याणीच्या चालुक्यांचें सार्वभौमत्व दृढ होतें तोंपर्यंत कोल्हापूरचे शिलाहार, सेउणदेशचे यादव, सौंदत्तीचे रट्ट व गोव्याचे कदंब हे स्वतःस महामंडलेश्वर म्हणवीत. या पदवीचा आशय असा कीं, धारण करणारा मोठा खरा, पण त्याच्याहि वर कोणी एक आहे. मांडलिक हरला तर खंडणी देई, शरण येई व पुनः आपल्या गादीवर बसे. त्याचें कूळ समूळ उखडण्याची चाल सहसा नव्हती. बाराव्या शतकाच्या मध्यानंतर कलचुरि बिज्जलानें चालुक्यांची सत्ता बळकावली व ही घडी विसकटली. कोल्हापूरच्या दुसऱ्या भोजाच्या ताम्रपटांत तर असें म्हटलें आहे कीं, त्याचा पिता विजयादित्य याच्या स्नेहामुळेंच बिज्जलास सार्वभौमपद लाभलें. मांडलिकानें सम्राट घडविल्याचा अभिमान मिरवावा, यावरूनच काळ पालटल्याचें कळून येतें.

३. बिरुदावरून युद्ध कसें पेटे, याची एक कथा मेरुतुंगानें प्रबंधचिंतामणींत दिली आहे. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा मल्लिकार्जुन, ज्याचा शके १०७८ (इ. स. ११५६) चा लेख चिपळूण येथें मिळाला आहे, तो ‘राजपितामह’ हें बिरुद लावी. एका भाटानें तें गुजराथच्या कुमारपालाच्या सभेंत उच्चारिलें. सर्व राजांचा आजोबा म्हणविणारा हा कोण, म्हणून कुमारपालानें अंबड नामक सेनापतीस कोंकणावर धाडिलें. पहिली स्वारी फसली. दुसऱ्या स्वारींत मल्लिकार्जुन मारला गेला आणि कुमारपालानें तेंच बिरुद अंबडास बक्षीस दिलें. मेरुतुंगाचा ग्रंथ इ. स. १३०५ च्या सुमाराचा, म्हणजे घटनेनंतर सुमारें दीडशें वर्षांचा; त्यांतील प्रत्येक तपशील ग्राह्य धरतां येणार नाहीं. तथापि बिरुद म्हणजे दुसऱ्याच्या मानावर सांगितलेला हक्क, ही त्या काळची समजूत त्यांत स्पष्ट उमटली आहे.

४. चालुक्य मावळतांच ही स्पर्धा उघडी झाली. गदग येथें यादव भिल्लमाचा शके १११३ (इ. स. ११९१) चा लेख आहे, आणि त्याच गांवीं होयसळ वीर बल्लाळाचा शके १११४ चा लेख आहे. वर्षादीडवर्षाच्या अवधींत एकाच क्षेत्रीं दोन राजांनीं सार्वभौमाच्या थाटानें दानें द्यावीं, याचा अर्थ रणांगणावर काय झालें हें निराळें सांगावयास नको. मधल्या काळांत लक्कुंडीस भिल्लमाच्या सैन्याचा पराभव झाला होता. कोंकणांतहि हेंच चाललें होतें. शिलाहार दुसरा अपरादित्य हा परळच्या इ. स. ११८७ च्या लेखांत महाराजाधिराज व कोंकणचक्रवर्ती झालेला दिसतो.

५. या दृष्टीनें पन्हाळ्याच्या दुसऱ्या भोजाचें प्रकरण विशेष बोधप्रद आहे. सोमदेव नामक जैन पंडितानें शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ शके ११२७ (इ. स. १२०५) त आजरें येथें पूर्ण केला. ग्रंथाच्या अंतीं त्यानें आपल्या राजाचें नांव दिलें आहे, तें राजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक, पश्चिमचक्रवर्ती अशा पदव्यांसह. वैयाकरणास शब्दलाघव प्रिय. त्यानें येथें शब्द खर्चिले, यावरून दरबारांत तीच पदवी रूढ होती असें दिसतें. आतां याच्या पुढचा पुरावा पाहावा. खिद्रापूर येथें कोप्पेश्वराच्या देवळांत यादव सिंघणाचा शके ११३६ चा लेख आहे व त्यांत मिरज प्रांतांतील एक गांव देवास दिलें आहे. ज्या भूमीचा भोज चक्रवर्ती, तेथील गांव आतां सिंघण दान करितो. म्हणजे आजऱ्याच्या पुष्पिकेपासून खिद्रापूरच्या लेखापर्यंतच्या नऊ वर्षांत भोजाचें राज्य बुडालें. सिंघणाचे लेखक त्याला पन्हाळ्याच्या भोजरूपी सर्पाचा गरुड म्हणतात. हें वर्णन कवीचें असेल. खिद्रापूरचें दान मात्र कविकल्पना नव्हे. बिरुदावरून दावा कळतो आणि दानावरून ताबा कळतो. दोन्ही ताडून पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

६. पन्हाळ्याच्या शिलाहारांस पुनः मांडलिक म्हणून बसविलें नाहीं, ही येथील नवी गोष्ट होय. सौंदत्तीच्या रट्टांचीहि पुढें तीच गत झाली. सिंघणाचा सेनापति बीचण याच्या शके ११६० च्या हरळहळ्ळी ताम्रपटांत रट्ट, कदंब, गुत्त, पांड्य व होयसळ यांस जिंकल्याचें सांगून कावेरीतीरीं जयस्तंभ उभारल्याचा अभिमान व्यक्त केला आहे. उरलें उत्तर कोंकण. तेथील सोमेश्वराचे रानवड व चांजें येथील लेख अनुक्रमें शके ११८१ व ११८२ चे असून त्यांत पुनः कोंकणचक्रवर्ती हें पद आहे. यादव महादेवानें त्याच्यावर स्वारी केली व इ. स. १२६५ च्या सुमारास तो समुद्रांत बुडून नाहींसा झाला. महादेवाचा मंत्री हेमाद्रि म्हणतो कीं, सोमेश्वरानें महादेवाच्या कोपापेक्षां वडवानल बरा मानला. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर हत्ती व जहाजें यांचीं युद्धें कोरलेलीं आहेत. तीं याच प्रसंगाचीं असें कांहीं विद्वान् मानितात, तर दुसरे तीं पूर्वीचीं समजतात. कसेंहि असो, ठाण्याचें साडेचार शतकांचें घराणें येथें संपलें.

७. प्रांतिक राजांची अशी चुरस आपल्याकडेच झाली असें नव्हे. आयर्लंडांत मन्स्टर, लेन्स्टर, कॉनॉट इत्यादि प्रांतांचे राजे त्याच शतकांत सर्व बेटाच्या अधिराज्यासाठीं झगडत होते. मन्स्टरच्या ब्रायन बोरूचा उल्लेख इ. स. १००५ त आर्मा येथील पोथींत आयरिश लोकांचा सम्राट असा करण्यांत आला, इ. स. १०१४ त क्लॉन्टार्फच्या लढाईंत तो पडला, आणि त्या लढाईंत लेन्स्टरचा राजा त्याच्या विरुद्ध होता. पुढील अधिराजांस तेथील लेखक ‘सविरोध राजा’ म्हणूं लागले. इ. स. ११६६ त पदच्युत झालेल्या लेन्स्टरच्या डर्मटनें इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीकडे साह्य मागितलें. इ. स. ११६९ त नॉर्मन सरदार बेटावर उतरले व इ. स. ११७१ त हेन्री स्वतः आला. तेथें कोणीच कोणास पूर्णपणें उखडूं शकला नाहीं. येथें यादवांनीं दोन शिलाहार शाखा उखडल्या. मार्ग निराळे, परंतु शेवट फारसा निराळा झाला नाहीं.

८. वैर अखेरीस घरांत शिरलें. इ. स. १२७१ त रामचंद्रानें महादेवाचा पुत्र आमण यास पदच्युत करून देवगिरी घेतली. इ. स. १२९६ त अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तेव्हां यादवांचें मुख्य सैन्य दूर होतें. आणि मदतीस धांवेल असा पन्हाळ्याचा भोज किंवा ठाण्याचा सोमेश्वर आतां उरला नव्हता. ते असते तर आलेच असते असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्यांस स्वतःची गादी राखण्यासाठीं लढावें लागलें असतें, अशीं बलाढ्य घराणीं पश्चिमेकडे राहिलीं नव्हतीं, एवढें निश्चित. ज्यांस उखडलें ते नाहींसे झाले. ज्यांस उखडतां आलें नाहीं ते होयसळ वैरीच राहिले. म्हणूनच मलिक काफूर इ. स. १३१०-११ त होयसळांवर चालून गेला तेव्हां रामचंद्रानें त्यास साह्य केलें. त्याच सुमाराचा, शके १२३२ चा, पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट पाहावा. राजा दिल्लीचा अंकित, तरीहि त्यांत त्याच्या दिग्विजयांची मालिका आहेच. भोजाच्या बिरुदामागें निदान आजऱ्यापासून मिरजेपर्यंतची भूमि होती; या शेवटच्या प्रशस्तीमागें काय उरलें होतें, याचा निर्णय जाणत्या वाचकांनींच करावा.

कोथरूड, पुणें