गुरु निघून गेल्यावर

अभियांत्रिकीच्या पदवीधरांनीं कारखान्यांत उमेदवारी करावी, हें आतां सर्वमान्य झालें आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यांत १९७३ सालीं दुरुस्ती होऊन पदवीधर व पदविकाधर अभियंत्यांचाही त्यांत समावेश झाला. परंतु जुळणीच्या रांगेंत उभें राहून एकच भाग दिवसभर बसविणाऱ्या उमेदवारानें शिकावयाचें तें काय? आमच्या मतें या प्रश्नाचें एक उत्तर रायगडच्या किनाऱ्याच्या इतिहासांत सांपडतें.

१६५७ सालीं कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांच्या हातीं आली. दोनच वर्षांनीं, १६५९ मध्यें, कल्याण, भिवंडी व पनवेल या बंदरांत त्यांचीं लढाऊ गलबतें तयार होत असल्याची वार्ता पोर्तुगीज पत्रव्यवहारांत आढळते. या कामावर रुई लैतांव व्हियेगस, त्याचा पुत्र फेर्नांव व तीनशेंहून अधिक माणसें होतीं. गलबतें दंडा-राजपुरीच्या सिद्दीविरुद्ध आहेत, असें सांगण्यांत येत होतें. पण उद्यां तीं आपल्यावरच उलटतील, हें भय पोर्तुगीजांस पडलें. वसईच्या कप्तानानें व्हियेगसांस फितविलें, आणि ते आपल्या माणसांसह गुपचूप निघून गेले. गुरु गेला, काम अर्धें राहिलें.

येथेंच विद्येची परीक्षा होती. पश्चिम किनाऱ्यावरील सुतार कांहीं कोरी पाटी नव्हते. फळ्यांच्या कांठांत खांचा पाडून, मध्यें राळ व कापूस घालून त्या घट्ट बसविण्याची रीत या किनाऱ्याची स्वतःची होती. परक्याच्या हाताखालीं उभें राहतांना पदरीं स्वतःचें कांहीं असलें, म्हणजे काय घ्यावें व काय सोडावें हें समजतें.

वीस वर्षांनीं त्याचा पडताळा आला. १६७९ सालीं महाराजांनीं थळसमोरील खांदेरी बेटावर तटबंदी आरंभिली व इंग्रजांनीं बेटास वेढा दिला. ऑक्टोबरांतील झुंजींत इंग्रजांचें ‘डोव्हर’ हें गुराब मराठ्यांनीं पकडलें. ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजापुढें मराठी आरमारास मागें हटावें लागलें, हेंही खरें. परंतु उथळ पाण्यांतून, रात्रीच्या अंधारांत, वल्ह्यांच्या जोरावर लहान होड्या बेटावर रसद पोंचवीतच राहिल्या. १६८० सालीं इंग्रजांस तडजोड करावी लागली. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली.

मात्र या सुतारांची विद्या हातांतून हातांत गेली, कागदावर उतरली नाहीं. मुंबईच्या गोदीचें वाडिया घराणेंही असेंच पिढ्यान् पिढ्या हातानें शिकलें. त्यांनीं १८१७ सालीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें जतन केलेलें आहे. पण वाफेचें युग येतांच केवळ हात पुरेना. १८३८ सालीं जहांगीर नौरोजी व हिरजीभाई मेरवानजी हे दोघे चुलतबंधु नौकाशास्त्र शिकण्यास विलायतेस गेले, चॅटमच्या गोदींत राहिले, आणि १८४१ सालीं आपला वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला.

आजच्या उमेदवारास या दोन्ही गोष्टींची गरज आहे. हातांतला भाग बसवितांना तो कोठून आला व पुढें कोठें जातो हें विचारावें, सायंकाळीं तें लिहून ठेवावें. शिकविणारा निघून गेल्यावर काम चालू राहिलें, तरच ती उमेदवारी. एरव्हीं ती नुसती हजेरी.